पाट्या वाचणारे चिरंजीव

ती. बाबा आणि ती. सौ. आईंना,
सूनबाईंचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत. फक्त आपले चिरंजीव पाट्या वाचतात. दुकानांच्या नव्हेत. पेन्सिल्व्हेनिया सरकारने १९४६ पासून गावोगावी खांबांवर इतिहासाच्या निळ्या पाट्या लावल्यात, वर सोनेरी अक्षरं. राज्यभरात दोन हजारांहून जास्त. त्यात पिट्सबर्ग पडलं ॲलेगेनी आणि मोनोंगहेला नद्यांच्या संगमावरचं पोलादाचं शहर, म्हणजे पाट्यांचं पीक विचारूच नका. पाटी दिसली की गाडी कडेला, मागे हॉर्नचा गजर, आणि मुलं लाजेने सीटखाली.

स्मॉलमन स्ट्रीटवर १८८८ साली ॲल्युमिनियम बनवून विकणारा कारखाना सुरू झाला. आजीच्या जर्मनच्या पातेल्यांचं माहेर ते हेच, असं चिरंजीवांनी भर रस्त्यात जाहीर केलं. त्यावर धाकटीने विचारलं, “मग बूड जळालं तर इथे बदलून मिळतं का?”

होमस्टेडला सूनबाई गेल्या होत्या पडदे घ्यायला. तिथे मोनोंगहेलाच्या काठी मोठा बाजार थाटलाय आणि त्याच्या कडेला विटांची बारा धुराडी ओळीने उभी आहेत. धूर नाही, काही नाही. कार्नेगीचा पोलाद कारखाना तो. १९८६ साली बंद पडला. ६ जुलै १८९२ ला संपकऱ्यांना हटवायला पिंकर्टन कंपनीची ३०० भाडोत्री माणसं दोन तराफ्यांतून नदीने आली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. चिरंजीवांनी हे सगळं काठावर उभं राहून हातवाऱ्यांसकट सांगितलं. दोन गोरे आजोबा गाईड समजून मागे येऊन थांबले. पडदे राहिले ते राहिलेच.

सूनबाईंचं म्हणणं असं की कारखाने जोरात होते तेव्हा या शहरात धुरापायी भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागत, तेव्हा कुणाला इतिहास आठवला नाही. भट्ट्या विझल्या आणि सगळ्यांना उमाळा आला. शेजारच्या ब्रॅडॉकचा कारखाना मात्र १८७५ पासून अजून चालू आहे. पाटी-बिटी सोडा, त्याला अजून काम आहे.

चिरंजीव गप्प झाले ते फक्त जॉन्सटाउनला. तेही नदीकाठचं लोखंडाचंच गाव. वरच्या अंगाला एक मातीचं धरण होतं, पिट्सबर्गच्या धनिकांच्या मासेमारी क्लबाचं; कार्नेगी आणि त्याचा भागीदार फ्रिक दोघेही त्याचे सभासद. ३१ मे १८८९ ला ते फुटलं आणि २,२०९ माणसं गेली. नगरपालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर १८८९, १९३६ आणि १९७७ च्या पुरांच्या पाण्याच्या खुणा लावल्यात. चिरंजीवांनी टाचा उंचावून हात वर केला. सर्वांत वरची खूण तरी कितीतरी वरच राहिली.

आणि परतताना गाडीत धरणावरूनच बिलगावचा विषय निघाला. इथल्या प्रत्येक भारतीय घरात ‘स्वदेस’ सिनेमा पाहून रडून झालंय. त्यातली विजेची गोष्ट आपल्या धडगाव तालुक्यातल्या बिलगावावरून सुचली, हे चिरंजीव दर पार्टीत सांगतात. शूटिंग वाईजवळच्या मेणवलीत झालं, हे खालच्या आवाजात. उदई नदीच्या धबधब्यावर पाड्यांतल्या लोकांनी श्रमदान करून १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभारला, जानेवारी २००३ मध्ये दिवे लागले आणि २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्यात तो बुडाला. धरण तिकडे गुजरातेत, पण महाराष्ट्रातली ३३ गावं त्याच्या पाण्याखाली आली, हे मुलांना नकाशा काढून समजवावं लागलं.

तर चिरंजीवांच्या मनात आता बिलगावसाठी निळी पाटी आहे. मजकूर बाबांनी लिहायचा. शाळेच्या फळ्यावर चाळीस वर्षं सुविचार लिहिणाऱ्या माणसाला दहा ओळी जड नाहीत. आईंनी त्यातली विशेषणं काढावीत. खांब कुठे रोवायचा यावर घरात तंटा आहे: चिरंजीव म्हणतात बिलगावच्या रस्त्यावर, थोरला म्हणतो तराफ्यावर, म्हणजे पाणी चढलं तर पाटीही चढेल. मराठीत लिहायची की तिकडच्या पावरी बोलीत, हेही बाबांनीच ठरवावं.

आमचूर मात्र पाटीची वाट न बघता धाडावा. गच्चीवर वाळवलेल्या फोडीच पाठवाव्यात, दळून नको. मागच्या खेपेला ती भुकटी बघून इथल्या एका तपासनिसाने बराच वेळ वास घेतला, शेवटी शिंकला आणि सोडून दिली.

आपली,
सूनबाई