'प' लिहा, टॅब दाबा

महाराष्ट्रात कुठंही 'जगात जर्मनी' एवढं म्हणून थांबा; समोरचा 'भारतात परभणी' म्हणून मोकळा होतो. संगणकाला टाइप करून हुकूम द्यायचा ब्रायन फॉक्सचा बॅश नावाचा प्रोग्रॅम आला 1989 साली. चार अक्षरं लिहून टॅब दाबला की फाइलचं उरलेलं नाव तो पुरं करतो. आम्हा परभणीकरांना त्यात नवल ते काय!

तरी बॅशच्या त्या काळ्या पडद्यावर माझा भारी जीव. माउसला हात न लावता काम केलं की माणूस इस्रोतून सुट्टीवर आल्यासारखा दिसतो. भाचा मागं उभा असला तर मी टॅब जरा जोरातच दाबतो.

आमच्या जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांचे नऊ फोल्डर केलेत. 'ग' लिहून टॅब, गंगाखेड. 'ज'ला जिंतूर, 'म'ला मानवत. 'स'वर सेलू-सोनपेठ अडून बसतात. आणि 'प'वर नुसतं टुंग! पुन्हा दाबला की परभणी, पाथरी, पालम, पूर्णा चौघं रांगेत हजर. परभणीकडं कृषी विद्यापीठ, पूर्णेकडं रेल्वे जंक्शन, पाथरीकडं साईबाबांच्या जन्मस्थानाचा दावा. 'पालमकडं काय?' असं एका लग्नात विचारल्यापासून पालमचे सोयरे माझ्याशी बोलत नाहीत. बॅश शहाणा, चौघांची नावं सांगून गप्प बसतो.

परवा भाच्यासमोर 'शेतकऱ्यांची-यादी' उघडायची होती. 'शेतकऱ्या' लिहून टॅब दाबला. टुंग. फाइलींची यादी दाखवणारा एलएस हुकूम दिला तर फाइल ढळढळीत समोर!

"मामा, याला मराठी येत नाही का?"

नावाचा हेक्सडम्प, म्हणजे आतल्या आकड्यांची यादी, काढून एकेक बाइट पाहिला. फाइलच्या नावात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. माझ्या कीबोर्डवरून साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर. डोळ्याला दोन्ही सारखे, युनिकोडला दोन्ही मान्य. बॅश मात्र बाइट जुळवतो.

इथं माझं हसू आटलं. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, म्हणून अनुदानासाठी हेलपाटे घालणारी माणसं आमच्या गल्लीतच आहेत. माणूस खिडकीसमोर उभा, यादीत नाव दिसतंय, तरी उत्तर एकच: 'जुळत नाही.' बॅश निदान 'उद्या या' म्हणत नाही.

तुमचीही फाइल अशी अडली तर 'ऱ्या'च्या अलीकडंच थांबा. 'शेतक' लिहा, टॅब दाबा. पुढचं नाव फाइलीत जसं आहे तसं तो स्वतः भरतो. आणि 'इंग्रजीत नाव द्या ना' म्हणणाऱ्या भाच्यांचं अजिबात ऐकू नका.