पाणी अडवा, पण जिरवू नका

राजवाडे, किल्ले आणि शेक्सपिअरचं घर दाखवून झाल्यावर जावयांनी आम्हाला चिखल दाखवायला नेलं. तिकीट नव्हतं, त्यामुळे माझी हरकत नव्हती.

फेन्स, व्हिक्सॉल आणि बेटिसफील्ड अशी तीन आडनावं लावणारी ही दलदल. तिच्या मधोमध इंग्लंड-वेल्सची सीमा जाते. सीमाप्रश्न मात्र नाही. हजारो वर्षं शेवाळावर शेवाळ साचून, पाण्यात न कुजता दबून, इथं पीट तयार झालं. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा वेगही साधारण हाच आहे.

लोकांनी चर खणून पाणी काढलं, पीट कापून जाळलं, पुढं पोत्यांत भरून बागांसाठी विकलं. १९९० मध्ये सरकारने जागा ताब्यात घेतली आणि तेव्हापासून इथं नाले तुंबवण्याचं काम चालू आहे. माझी उभी नोकरी नगरपालिकेच्या नालेसफाईत गेली! जावयांनी समजावलं: पीट सुकलं की हवा लागून कुजतं आणि कोंडलेला कार्बन सुटतो, म्हणून ते भिजतच ठेवायचं. बर्च आणि पाइन पाणी पितात, म्हणून तीही तोडायची. वनमहोत्सवाची माझी सगळी भाषणं वाया गेली.

वाटेच्या कडेचं शेवाळ तळहाताने दाबलं, तर बोटांमधून गार पाणी वर येऊन बाही भिजली. हे शेवाळ कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं. पहिल्या महायुद्धात कापूस अपुरा पडला तेव्हा जखमांवर हेच बांधत.

"बाबा, वाट सोडू नका हं," जावई म्हणाले.

"अहो, हे बघा, कास पठारावरचं दवबिंदू!" ही ओरडली. जात वेगळी, पण घराणं तेच. नखाएवढं पान, लाल केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेलं एक चिलट अजून पाय हलवत होतं. पीटमध्ये नायट्रोजन नावालाच, म्हणून बिचारं मांसाहारी. हिने, स्वतः चातुर्मास पाळत असूनही, त्याला माफ केलं.

"मग आता पीटऐवजी हे लोक कुंड्यांत काय घालतात?"

"बरेच जण नारळाचा भुसा. भारतातूनही येतो, आई."

ही ताडकन वळली. "तरीच! कोकोपीट एवढं महाग का झालं, ते आत्ता कळलं."

आणि परतीच्या वाटेवर दिसेल त्या बंगल्याच्या कुंड्यांकडे ती संशयाने बघत राहिली.