पसरणी घाटात अन्वय-व्यतिरेक

नव्या गाडीतला आवाज मेकॅनिकला नीट सांगता येत नाही, याला मराठीची गरिबी कारण नाही, श्रीमंती आहे. घरघर, खरखर, करकर, कुरकुर, खडखड, खुळखुळ, गुरगुर, भणभण असे आवाज ज्या भाषेच्या खिशात सुट्या पैशांसारखे वाजत असतात, त्या भाषेतलं कुटुंब नवाकोरा डबल कॅब पिकअप घेऊन पुण्याहून महाबळेश्वरला निघालं, की कात्रजचा नवा बोगदा मागे पडायच्या आत गाडीत परिसंवाद सुरू होतो. मालकाच्या मते घरघर. शेजारी बसलेल्या मेहुण्याच्या मते घरघर म्हाताऱ्यांना लागते, ही गुरगुर आहे. मागच्या सीटवरच्या मावशी म्हणतात, मला तर बाई मघापासून नुसती भुणभुण ऐकू येतेय. आणि त्या हे गाडीबद्दलच म्हणताहेत अशी खात्री कोणालाच नसते. शिरवळ येईपर्यंत आवाजाचं बारसं उरकतं आणि सोमवारी सकाळी मालक वर्कशॉपात गाल फुगवून त्याची नक्कल करतो. एवढं करून निदान शून्य, कारण गिअरबॉक्सला घरघरता येतं, तसंच डिफरन्शियलला येतं, चाकाच्या बेअरिंगला येतं आणि टायरलाही येतं. तेव्हा आवाज कसला हा प्रश्न मुळात सोडूनच द्यावा. तो केव्हा येतो आणि केव्हा जातो, एवढंच विचारावं. आणि असं विचारत जायला पुणे ते महाबळेश्वर या रस्त्याइतकं सोयीचं गॅरेज नाही, कारण त्यात सपाटी, टोलनाका, वळण, चढ, उतार आणि पार्किंगची मारामार हे सगळं लागोपाठ येतं.

कानावर एवढा अविश्वास कशाला, असं कोणी म्हणेल. त्याला थोडा हिशेब दाखवावा लागेल. ताशी साठ म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. पिकअपच्या चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर घेर सुमारे २.२ मीटर, म्हणजे चाक मिनिटाला साडेचारशे फेरे घेतं; सेकंदाला साडेसात. मागच्या डिफरन्शियलच्या हौसिंगमध्ये क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीचं प्रमाण चारास एक असलं तर गिअरबॉक्समधून तिथवर येणारा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या चौपट, सेकंदाला तीस फेरे फिरतो. शाफ्टच्या जॉइंटमधला क्रॉस तिरका चालत असेल, तर दर फेऱ्याला दोन हिसके देतो. झाले सेकंदाला साठ. सेकंदाला साठ कंपनांच्या आवाजाची एक लाट हवेत साडेपाच मीटरहून जास्त लांब असते. आणि खुद्द गाडी? आपल्याकडचा नेहमीचा डबल कॅब पिकअप सव्वापाच मीटरच्या आसपास. म्हणजे गाडीपेक्षा लांब असलेला आवाज गाडीच्या कुठल्या कोपऱ्यातून येतो, हे आपण दोन कानांमधल्या वीतभर अंतराच्या भरवशावर ठरवणार. मेहुण्याने ‘डावीकडून, मागून, खालून’ असं ठामपणे सांगितलं तर त्याच्या ठामपणाला दाद द्यावी. दिशेकडे दुर्लक्ष करावं.

खेड-शिवापूरच्या टोलनाक्याला वाहनचालकांनी आजवर फारसे आशीर्वाद दिलेले नाहीत, पण निदानाच्या दृष्टीने त्याचं मोल मोठं आहे. फास्टॅग असूनही शनिवारी सकाळी इथे रांग लागते आणि दर वीस फुटांना गाडी थांबते, पुन्हा सुटते. सुटताना दर वेळी खालून एक ‘ठक्’ आला तर शंका जॉइंटमधल्या किंवा हौसिंगमधल्या ढिलाईची. गाडी पुरती थांबल्यावर, क्षणभराने, पाठीत कोणी टपली मारावी तसा ‘ठक्’ आला तर शंका शाफ्टच्या सरकत्या जोडाची. मागचे पाटे दबले-उठले की शाफ्टची लांबी थोडी कमी-जास्त व्हावी लागते. त्या सरकत्या दात्यांना ग्रीस नसलं तर ते ब्रेकखाली अडकून बसतात आणि मग अचानक सुटतात. शब्द दोन्हींसाठी एकच, ‘ठक्’. फरक फक्त सुटताना की थांबल्यावर, एवढाच. आणि तेवढ्यावर काम कधी ग्रीसगनचं निघतं, कधी हौसिंग उघडण्याचं. या रांगेतच पायाखालचा जॅक, सीटमागचा टूलकिट आणि मावशींचा चिवड्याचा स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसावं. नव्या गाडीतले निम्मे यांत्रिक बिघाड डब्याच्या झाकणात सापडतात.

नाका सुटला की शिरवळपर्यंत सपाटी. इथे साठचा वेग धरावा आणि वेग न बदलता तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जावं. चाकं तेवढीच फिरताहेत, इंजिन मात्र मंदावलं. त्याबरोबर आवाजही खाली उतरला, तर तो इंजिनच्या किंवा क्लचच्या बाजूचा. अजिबात बदलला नाही, तर गिअरबॉक्सच्या मागचा: शाफ्ट, हौसिंग, चाकं, टायर. मागची चाकं ओढणाऱ्या अनेक पाच-गिअरी गाड्यांत चौथा गिअर ‘डायरेक्ट’ असतो. ताकद आतल्या दात्यांच्या जोड्यांतून वळसा न घेता सरळ पार होते. तिसऱ्यात गाणारी गाडी चौथ्यात गप्प झाली तर गाणारा गिअरबॉक्सच, हे त्याने स्वतः कबूल केलं समजावं. आणि डांबर संपून काँक्रीट लागताच आवाजाने सूर बदलला, तर सगळ्यांनी चहा घ्यावा. तो टायर आहे.

खंबाटकी घाटाला साताऱ्याकडे जाताना जुन्या रस्त्याने वर चढावं लागतं, बोगदा येतानाच्या वाट्याला. चढताना वळणं येतात आणि वळणांवर बेअरिंग बोलतं. डाव्या वळणावर गाडीचं ओझं उजव्या चाकांवर जातं, उजव्यावर डाव्या. डाव्या वळणात गुणगुण वाढली आणि उजव्यात विरली, तर उजवीकडचं बेअरिंग संशयित. मेहुण्याला नेमकं उलटं वाटतं, कारण गाडी वळते तिकडेच सगळं घडतं अशी त्याची समजूत असते. घाटात एका बाजूला कठडा किंवा डोंगराची कापलेली भिंत असते, तिच्या शेजारून काच खाली करून हळू जावं. गाडीच्या पोटाखालचा आवाज भिंतीवर आपटून खिडकीतून आत येतो. कोरड्या पडलेल्या क्रॉसची चिमणीसारखी चिवचिव अशा वेळी स्वच्छ ऐकू येते. आपल्या न्यायशास्त्रात शिकवतात की डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी असल्याचं अनुमान करावं. ते शास्त्र खंबाटकी घाट होण्यापूर्वीचं आहे. इथे डोंगरावर धूर दिसला तर पुढच्या ट्रकची क्लचप्लेट असते.

न्यायशास्त्राचा विषय निघाला आणि वाई आलीच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींची ही कर्मभूमी, मराठी विश्वकोशाचं कार्यालयही इथलंच. तर्काने आवाज शोधायचा तर याहून योग्य तीर्थ कुठलं? शास्त्र्यांच्या भाषेत जे अन्वय-व्यतिरेक, तेच मिस्त्रीच्या भाषेत ‘काढून बघा, घालून बघा’. हे असताना ते असतं आणि हे नसताना ते नसतं, तर दोघांचा संबंध आहे. वाईपासून पाचगणीपर्यंत पसरणी घाट सुमारे सहाशे मीटर उंची चढवतो आणि हा नियम लावायला त्याच्यासारखी जागा नाही. चढताना इंजिन चाकांना ढकलतं. उतरताना रेस सोडली की चाकं इंजिनला ढकलतात. क्राऊन-पिनियनच्या प्रत्येक दाताला दोन गाल असतात. चढावर एका गालावर दाब येतो, उतारावर दुसऱ्या. चढावर रडणारं आणि उतारावर हसणारं हौसिंग म्हणजे दातांची एक बाजू नीट बसलेली नाही; फॅक्टरीत किंवा दुरुस्तीत शिमची, म्हणजे आतल्या पातळ चकतीची, जाडी किंचित चुकली तरी एवढं पुरतं. दोन्हीकडे सारखंच रडत असेल तर दातांपेक्षा बेअरिंगकडे आधी बघावं. फक्त एक पथ्य: उतारावर गाडी न्यूट्रल करून ‘आता बघू’ असं म्हणायचं नाही. त्या प्रयोगातून निष्कर्ष निघतो, पण तो वाचायला माणूस राहीलच असं नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: नवीन आहे, बसेल हळूहळू. ब्रेकचे पॅड बसतात, दारांची रबरं बसतात, हे खरं. बीएस-६ ची डिझेल गाडी मधूनच फिल्टरमधली काजळी जाळते, तेव्हा इंजिन बंद केल्यावरही पंखा पिसाळल्यासारखा फिरत राहतो. तो बिघाड नाही आणि बसणारही नाही, तो आता कुटुंबातलाच. पण चरा पडलेलं बेअरिंग बसत नाही, ते खचतं. मालकाला ‘पाच हजार किलोमीटर चालवून या’ म्हणून सांगितलं जातं, तेव्हा बसण्याची अपेक्षा बहुधा मालकाकडून असते. दुसरा आक्षेप स्कॅनरवाल्यांचा: एवढी वणवण कशाला, कॉम्प्युटर लावा, सांगेल. कॉम्प्युटर सेन्सर सांगतील तेवढंच सांगतो, आणि क्राऊनच्या दाताला सेन्सर नसतो. गाडी कण्हत असते आणि पडद्यावर दोष शून्य. ज्यांनी सरकारी अर्ज भरलेत त्यांना हा अनुभव नवा नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: जुना मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हौसिंगला लावतो, मूठ कानाला लावतो आणि अर्ध्या मिनिटात सांगतो, त्याचं काय? त्याचं असं, की १८१६ साली फ्रान्समध्ये लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी छातीला लावून जे केलं, तेच तो करतो. पण लावण्याआधी तो चार प्रश्न विचारतो आणि ते चारही ‘केव्हा’चे असतात. कान शेवटी. शिवाय लिफ्टवर चढवलेल्या गाडीचा मागचा ॲक्सल खाली लोंबतो, शाफ्टचा कोन बदलतो आणि चाकांवर ओझं नसतं. रस्त्यावर नसलेला आवाज तिथे येतो आणि असलेला जातो. हे मिस्त्रीला ठाऊक असतं, म्हणून तो ‘चला, एक चक्कर मारू’ म्हणतो. चक्कर फक्त पेट्रोलपंपापर्यंत जाते, पसरणीपर्यंत नाही, एवढंच दुःख.

महाबळेश्वरच्या हॉटेलात गाडी लावताना नवा आवाज निघतो: कडाक्, आणि चाकं उडी मारतात. घाट आहे म्हणून वाईला कौतुकाने घातलेलं फोर बाय फोर काढायचं राहिलेलं असतं. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाड्यांतलं फोर बाय फोर चिखलासाठी आहे. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर धावतात, फोर बाय फोरमध्ये मात्र पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडलेले. कोणीतरी घसरलंच पाहिजे आणि कोरडं डांबर घसरू देत नाही. इथे गॅरेजवाल्याचं काम नाही, नॉब फिरवणाऱ्याचं आहे. त्याच पार्किंगमध्ये चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रलला ठेवून एकाने खाली वाकून बघावं. इंजिन बंद हवं, हे सांगायला नको. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या असतात, आत सुईएवढे रोलर. टोपीच्या कडेला गुलालासारखी तांबूस भुकटी दिसली तर आत ग्रीस उरलेलं नाही, लोखंड लोखंडाला खातंय. शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवावा, कुठे ढिला लागतो ते बोटांना कळतं. या दोन गोष्टींना भाषा लागत नाही.

परतताना हौद्यात सामान भरलेलं असतं. पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो आणि जाताना साठच्या वेगाला येणारी थरथर येताना गायब होते. मालक समजतो बरी झाली. रिकामी गाडी थरथरते आणि भरलेली नाही, हाही पुरावाच. तोही टिपून ठेवावा. मग सुरूरहून हायवेला लागून खंबाटकीचा बोगदा. आवाज परतून यायला याहून चांगली जागा नाही, पण बोगदा म्हटला की महाराष्ट्रात प्रत्येकाला हॉर्न वाजवून बघायचा असतो, त्यामुळे तिथलं निरीक्षण बाद.

सोमवारी मालक वर्कशॉपात कागद घेऊन उभा राहतो. कागदावर लिहिलेलं असतं: ५५ ते ६५ च्या वेगात, सगळ्या गिअरमध्ये, रेस दिल्यावर येतो, सोडल्यावर जातो, चढावर जास्त, वळणाचा संबंध नाही, गाडी रिकामी असताना. गाल फुगवायची गरज उरलेली नसते. समोरचा ॲडव्हायझर कागद सावकाश वाचतो, मान डोलावतो आणि जॉबकार्डावरच्या दोन इंचांच्या रकान्यात लिहितो: ‘आवाज. चेक करणे.’