ओट्यावरची शेती

पुदिन्याची पानं खुडून झाली की काड्या उरतात. त्या थेट ओल्या कचऱ्यात टाकायची सोय आता आमच्या घरी राहिलेली नाही. आधी पाण्याचा ग्लास, मग विचार. आठवडाभरात पेरापाशी पांढरी मुळं सुटतात आणि काडी कुंडीत जाते. पुदिन्याची मनधरणी करावी लागत नाही. उलट एकदा रुजला की शेजारच्या तुळशीच्या जागेवरही हक्क सांगतो.

गाजर मात्र लबाड. शेंडा बशीभर पाण्यात ठेवला की चार दिवसांत असा देखणा हिरवा तुरा काढतं की आल्यागेल्याने विचारावं. पण त्याखाली पुन्हा गाजर धरत नाही. जे काय मूळ होतं त्याची कोशिंबीर होऊन गेली. हे ठाऊक असूनही बशी उचलायचा धीर कुणाला होत नाही. पोळपाट ठेवायला जागा नसली तरी चालेल, गाजराला ऊन लागलं पाहिजे!

आल्याला सबुरी हवी. शेतकरी अक्षय तृतीयेच्या सुमारास बेणं लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी आलं काढतात. आमचा डोळा फुटलेला तुकडाही तेवढेच दिवस घेणार, तोवर चहा बाजारच्या आल्यावर. हळद त्या मानाने दिलदार. तिचे गड्डे जमिनीखाली भरत असतात तेव्हा वर श्रावणात पातोळ्यांपुरती पानं मिळून जातात. पातोळ्या वाफवताना त्या पानांचा जो वास घरभर सुटतो, त्यापुढे कुंडी, माती आणि कोकोपीटवर झालेला खर्च कुणी काढू नये. काढलाच तर स्वयंपाकघरात काढू नये.

आजींना या सगळ्याचं नवल नाही. "आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर अळू माजायचं. भोपळा तर उकिरड्यावर आपला आपण यायचा. त्याचे फोटो नाही कुणी काढले," असं म्हणून त्या लसूण सोलायला घेतात. सोलता सोलता कोंब आलेली पाकळी मात्र गुपचूप बाजूला ठेवतात.

खरी अडचण कापायच्या वेळी येते. टोपलीतल्या कांद्याला कोंब फुटला म्हणून तो मातीत खोचला. कांदा दोन हंगामांचं पीक, त्यामुळे असा लावलेला कांदा पोसत नाही. पात देतो आणि पुढे डेंगळा काढून फुलावर येतो. म्हणजे पात कोवळी आहे तोवरच खाऊन घ्यावी, हे शहाणपण. परवा झुणक्यासाठी कात्री घेऊन गेले तर घरातून एकच ओरडा झाला, "ती नको, ती आपली आहे!" शेवटी मंडईतून पातीची जुडी आणली. झुणका झाला. जुडीचे मुळांसकट बुडखे अर्थातच कुणी टाकू दिले नाहीत.