ॲव्हरेज किती देतो?

आमच्या सोसायटीत व्हीआर हेडसेट फक्त आमच्याकडे आहे. भाचा अमेरिकेहून येताना मेटाचा क्वेस्ट ३ घेऊन आला आणि मी बिनपगारी चौकशी खिडकी झालो. माणूस लिफ्टमध्ये भेटतो, पावसाचं बोलतो आणि तिसरा मजला येईपर्यंत मुद्द्यावर येतो.

पहिला प्रश्न ठरलेला. "याला कॉम्प्युटर लागतो का हो?" नाही लागत. प्रोसेसर, बॅटरी, कॅमेरे, स्पीकर, सगळं त्या डब्यातच. "वायफाय?" सुरुवातीला लागतोच, खातं उघडायला आणि गेम उतरवायला. "मेमरी कार्ड?" खाचच नाही. घेताना जेवढी मेमरी, तेवढ्यावरच संसार.

तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त. त्यांनी हेडसेट हातात घेऊन वजन तोललं (अर्ध्या किलोच्या किंचित वर आहे) आणि विचारलं, "ॲव्हरेज किती देतो?"

"दोन तास. फार तर थोडं वर."

"म्हणजे 'शोले'त जय मरायच्या आधी हा मरणार!"

खिशात पॉवरबँक ठेवून वायर लावता येते, असं मी म्हणालो. "मघाशी तर सगळं डब्यातच आहे म्हणालात," काका म्हणाले. ऑडिट खात्यात होते बहुतेक.

मग त्यांनी तो हेल्मेटसारखा वरून दाबून घातला. आत चष्मा आडवा झाला, एक काडी कानावर, दुसरी भुवईवर. चष्मेवाल्यांनी आधी पुढचा भाग डोळ्यांवर टेकवायचा आणि मग पट्टा मागे घ्यायचा. काढतानाही पुढचाच भाग आधी सुटला पाहिजे. चष्म्याची काच आतल्या भिंगाला घासली तर भिंगावर ओरखडा उठतो आणि तो जात नाही. क्वेस्ट ३ मध्ये भिंग आणि डोळा यांतलं अंतर वाढवता येतं. दोन भिंगांमधलं अंतर जुळवायला खाली एक चाक आहे. ते काकांनी रेडिओवर विविध भारती लावावं तसं हळूहळू फिरवलं आणि एकदम ओरडले, "आलं, आलं, स्पष्ट आलं!"

काकूंचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. "मळमळतं का?" काहींना मळमळतं. डोळे सांगतात आपण पळतोय, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की खुर्चीत बसलोय. त्या भांडणात पोट मध्ये पडतं. म्हणून सुरुवात 'बीट सेबर'सारख्या, जागेवर उभं राहून ठोकळे कापायच्या खेळाने करावी. गरगरलं की लगेच थांबावं. "होईल सवय" म्हणत दात-ओठ खाऊन खेळणाऱ्याच्या घरच्यांना नंतर फरशी पुसावी लागते.

"आमचा नातू आठ वर्षांचा आहे, पण फार हुशार आहे." मेटाच्या नियमात किमान वय १० आहे, तेही आईबापांच्या देखरेखीतल्या खात्यावर. हुशारीचा रकाना नाही. आजोबा रुसले, पण नियम मी केलेला नाही.

टीव्हीवर दिसतं का, हेही सगळे विचारतात. दिसतं, आणि खरी करमणूक तीच. आत माणूस ड्रॅगनशी लढतो, बाहेर घरचे शेंगा सोलत त्याची फजिती बघतात.

मात्र जागेचं कुणीच विचारत नाही. चालत-फिरत खेळायला साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जमीन लागते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण, टीपॉय, शोकेस आणि पावसाळ्यात दोरीवरचे कपडे काढल्यावर उरते ती चपला काढण्यापुरती. आखलेल्या हद्दीशी गेलं की डोळ्यांसमोर जाळी येते खरी, पण जोरात फिरवलेला हात तिला जुमानत नाही.

तेव्हा मंडळी, स्टोरेज किती हवं याचा काथ्याकूट नंतर करा. आधी हॉलमध्ये टेप लावून बघा आणि टीपॉय हलवण्याची परवानगी घरातून मिळवा. घेतलात तर गॅलरीच्या उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटतं आणि आतला पडदा जळतो.