प्रवाळटाकीतील ट्यूब : नेमणूक, सेवा व निवृत्तीचे नियम

खाऱ्या पाण्याची टाकी घरात येते तेव्हा घरमालकाची समजूत घालण्याची वेळ निघून गेलेली असते. ठाण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, टीव्ही हलवून त्या जागी चार फूट समुद्र बसवणाऱ्या सद्गृहस्थांना (हा नाद बहुधा गृहस्थांनाच लागतो) ‘कशाला?’ असं आम्ही विचारणार नाही. या नियमावलीचा विषय मर्यादित आहे. त्या समुद्रावर उजेड कोणता लावायचा, आणि लावलेला उतरवायचा कधी.

आधी टाकीत नक्की कोण राहतं ते पाहावे. दुकानदार ज्याला ‘हार्ड कोरल’ म्हणतो, ते सांगाडा बांधणारं प्रवाळ 2001पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे. आपल्या समुद्रातून खरवडून आणलेला असा तुकडा दिवाणखान्यात ठेवून वर पाहुण्यांना हौसेने दाखवणाऱ्यांनी ट्यूबची चिंता सोडावी, वकील पाहावा. उरतात मशरूम, झोअँथिड आणि मऊ कोरल. तेही कागदपत्रं मागून घ्यावेत. कागदपत्रं मागितल्यावर दुकानदार तुमच्याकडे ज्या नजरेने पाहील, ती सहन करण्याचा सराव आधी घरी करावा.

कोरल हा प्राणी आहे, पण त्याचं बरंचसं जेवण उजेडावर चालतं. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. म्हणजे दरमहा जे वाढीव वीजबिल येतं ते माशांसाठी नाही, धड कोरलसाठीही नाही, तर कोरलच्या आत बसलेल्या त्या शैवालासाठी आहे. ते तुम्हाला कधी दिसणार नाही. बिल मात्र दिसेल, आणि ते कोणासाठी आलं हे घरच्यांना समजावून सांगण्याच्या फंदात पडू नये.

आता निवड. टाकीला लागते ती ‘टी-फाइव्ह’ ट्यूब, 16 मिलिमीटर जाडीची. आपल्या आजोळच्या माजघरात भुणभुणणारी जाडजूड 38 मिलिमीटरची होती. नंतर आली ती 26ची. टी-फाइव्हला स्टार्टर लागत नाही, इलेक्ट्रॉनिक चोक लागतो. इथपर्यंत सगळं सोपं आहे, आणि म्हणूनच माणूस लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जातो.

लोहार चाळीत चार फुटी टी-फाइव्ह मागितली की समोर येते ती 28 वॅटची. तुम्हाला हवी असते 54ची. दुकानदार म्हणतो, “साहेब, लांबी सेम, पिन सेम, लागणार म्हणजे लागणार.” तो शब्दशः खरं बोलत असतो. दोन्हींची लांबी 1149 मिलिमीटर, दोन्हींच्या पिना सारख्या, आणि ती खरोखर लागते. फक्त 28 वॅटच्या ट्यूबची प्रकृती 170 मिलिअँपिअरची आहे आणि तुमच्या पट्टीतला चोक तिच्यातून 460 ढकलू पाहतो. ती काही दिवस डोळे दिपवणारी सेवा करते आणि अकाली काळी पडते. मग त्याच दुकानात जावे. तो दुसरी देईल. तीही लागेल.

पुढचा प्रश्न केल्विनचा. डब्यावर 10,000, 14,000, 20,000 असे आकडे असतात. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान 5,800 केल्विनच्या आसपास आहे, तेव्हा आपण सूर्याच्या तिप्पट काहीतरी रिक्षातून घरी नेतो आहोत असं वाटून छाती भरून येते. ती भरून येऊ द्यावी, पण हा आकडा ट्यूबच्या उष्णतेचा नसून तिच्या रंगाचा आहे. जितका मोठा, तितकी निळी. घरातल्या साध्या ट्यूबवर 865 लिहिलेलं असतं, त्यातल्या 65चा अर्थ 6,500. तिच्याखाली कोरल जगतं, पण उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचं दिसतं. पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांत गिळून टाकतं आणि निळा खोल जाऊ देतं. त्या निळ्यावर जगायची सवय प्रवाळांना पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. म्हणून चार ट्यूबांच्या पट्टीत दोन पांढऱ्या आणि दोन निळ्या घालाव्यात. त्यातली एक ‘ॲक्टिनिक’ असली तर उत्तम. ती लावल्यावर झोअँथिड हिरवे-नारिंगी चमकू लागतात आणि दिवाणखान्याला लेडीज बारची कळा येते. सोसायटीच्या सेक्रेटरींना एकदा वर बोलावून टाकी दाखवून ठेवावी. खालून नुसती खिडकी पाहून त्यांचा जो ग्रह होतो तो नंतर निघत नाही.

याच सुमारास मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप उतरवून घेण्याचा मोह होतो. ते ॲप लक्समध्ये मोजतं, आणि लक्स हे माणसाच्या डोळ्यांच्या सोयीने बेतलेलं माप आहे. आपला डोळा हिरवट पिवळ्याला भाळतो. ॲक्टिनिकचा उजेड 420 नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो डोळ्याला मिणमिणता वाटतो आणि ॲपलाही. त्यामुळे सर्वांत उपयोगी ट्यूब सर्वांत नालायक ठरते. शैवालाला चालणारा प्रकाश 400 ते 700 नॅनोमीटरमधला. तो मोजायचं ‘पार मीटर’ टाकीहून महाग पडू शकतं. एखाद्या मित्राला ते घ्यायला लावावे. लिटरमागे एक वॅट हे जुनं गणितही लोक सांगतात. त्यात टाकीची खोली नाही, आणि ट्यूबमागचा आरसा तर नाहीच. प्रत्येक ट्यूबमागे स्वतंत्र वाकवलेला आरसा नसेल तर निम्मा उजेड छताला जातो, आणि छतावर कोरल नाहीत. एवढं सगळं जमवून आणल्यावर कळतं की मशरूमला मुळात सावली आवडते. त्याला खाली कोपऱ्यात, दगडाआड ठेवावे. तिथे तो सुखात फुलतो.

(हाजीअली-वरळीच्या खडकांवरची प्रवाळं सागरी किनारा रस्त्यासाठी 2020 साली रीतसर परवानगी काढून हलवावी लागली. तोवर ती मुंबईच्या गढूळ पाण्यात, एकाही ॲक्टिनिकशिवाय जगत होती. ही माहिती घरात कोणाला देऊ नये.)

चार फुटी ट्यूब लोकलने आणायची तर पीव्हीसीच्या पाइपात घालून, सीएसएमटीहून मालडब्यात बसून आणावी. संध्याकाळच्या ठाणे फास्टला सेकंड क्लासमध्ये तिला घेऊन चढू नये. कुर्ल्याला चढणाऱ्यांना तुमच्या प्रवाळांविषयी काही वाटत नाही.

बसवताना आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर. खाली खारं पाणी आहे आणि खारं पाणी वीज फार प्रेमाने वाहून नेतं. पट्टीखालच्या पारदर्शक झाकणावर बुडबुड्यांनी उडालेल्या पाण्याचं मीठ वाळून पांढरी खरखरीत साय धरलेली असेल. ती गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावी. तेवढ्यानेही बराच उजेड परत येतो, आणि काही हौशी मंडळी नवी ट्यूब घेण्याआधी हे करून पाहत नाहीत. टोकाची रबरी टोपी सरकवून जुनी ट्यूब पाव वळसा फिरवली की पिना खाचेत येतात आणि ती हातात उतरते. नवी चढवताना ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत फिरवावी. टोकाच्या पत्र्यावर मार्करने तारीख घालावी. आज ही तारीख विनोदी वाटेल.

रोजचा सेवाकाळ आठ ते दहा तासांचा. टायमर लावावा. ‘मी लावीन की रोज’ म्हणणाऱ्यांनीही लावावा. उन्हाळ्यात पाणी 27-28च्या पुढे सरकू लागलं की पृष्ठभागावर छोटे पंखे सोडावे लागतात. ट्यूबला 35 अंशांच्या आसपासची हवा मानवते, पाण्याला नाही. तेव्हा वारा पाण्यावर जावा, ट्यूबवर नव्हे. मेच्या दुपारी कोरलना दोन पंखे आणि तुम्हाला वर्तमानपत्र अशी स्थिती येते. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी पंप, पाणी हलतं ठेवण्यासाठी. अंधारात कोरल दिवस काढतात, साचल्या पाण्यात मासे रात्र काढत नाहीत.

आता निवृत्ती. सारा घोटाळा इथेच होतो. नऊ ते बारा महिन्यांनी ट्यूबच्या आतला लेप थकतो. तिचा उजेड घटतो आणि रंगही सरकतो. पण ती पेटते! लख्ख पेटते. डोळ्याला काही कळत नाही, कारण घट रोज तिळातिळाने झाली आणि तुम्ही रोज बघत होतात. राज्य सरकारी कर्मचारी ठणठणीत दिसतो तरी 58व्या वर्षी त्याला नारळ मिळतो. ट्यूबलाही पत्र्यावरची तारीख पाहून निरोप द्यावा, चेहरा पाहून नव्हे. खात्री हवी असेल तर नवी ट्यूब शेजारी पेटवून पाहावी. मग जुनीचा पिवळटपणा इतका उघडा पडतो की आपण तिच्याखाली इतके महिने काय बघत होतो असं वाटतं. घरातली इतर मंडळी म्हणतील, “चालू आहे की अजून. काढायची कशाला?” वाद घालू नये. काढलेली ट्यूब स्वयंपाकघरात लावतो असंही सांगू नये. त्या ट्यूबेखाली वरण कसलं दिसेल याची कल्पना करावी.

उत्साहाच्या भरात चारही एका रविवारी बदलणं हा सर्वांत लोकप्रिय अपघात. मंद उजेडाला सरावलेल्या कोरलवर अचानक भरदुपार कोसळते, आतलं शैवाल ताणाखाली येतं, कोरल त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने एकेकच बदलावी. चारही एकदम विझल्या आणि इलाज नसेल, तर पट्टीखाली मच्छरांच्या जाळीचे तीन-चार पदर टाकावेत आणि काही दिवसांनी एकेक काढत जावं. शेजारीण विचारेल, “डास होतात का हो टाकीत?” ‘हो’ म्हणावे. संभाषण लवकर संपतं.

उतरवलेल्या ट्यूबेत काही मिलिग्रॅम पारा असतो. ती कचऱ्याच्या डब्यात उभी करू नये, भंगारवालाही तिच्याकडे पाहत नाही. तिची जागा ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे. फुटलीच तर खिडक्या उघडून सगळ्यांनी खोलीबाहेर जावं. परत आल्यावर केरसुणी आणि व्हॅक्यूम क्लीनर दोन्ही विसरावेत. हातमोजे, जाड पुठ्ठा, चिकटपट्टी आणि ओलं फडकं, एवढ्यावर भागवावं.

या पाऱ्यापायीच ट्यूबचं अख्खं पदच आता रद्द होत आहे. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या सभासद देशांनी 2023मध्ये जिनिव्हात ठरवलं की 2027 संपेपर्यंत सर्वसाधारण उजेडासाठीच्या लांबट फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात थांबवायची. भारत या करारात आहे. पलंगाखाली खोकी भरून ठेवणारे हौशी लोक आम्हाला माहीत आहेत. न पेटवलेली ट्यूब सहसा बिघडत नाही, पलंगाखालच्यांना मात्र मांजर लागतं.

तेव्हा आज ना उद्या एलईडी येणार. तिला वर्षाची बदली नको, पारा नाही, वीज कमी. फक्त ती अंगापेक्षा जास्त उजेड टाकते आणि तो मोबाइलवरून वाढवता येतो, म्हणून पहिल्या दिवशी शंभर टक्क्यांवर लावून कोरल भाजणारे पुष्कळ. तीस टक्क्यांवर सुरुवात करावी. काही ॲपांत विजा चमकवायचंही बटण असतं. ते लहान मुलं आणि साडू यांच्या हाती लागू देऊ नये.