हळर्ण येथे पोलादी चिलखत बेतण्याची शास्त्रोक्त रीत

पंधराव्या शतकात मिलान व न्यूरेंबर्ग येथे घडत असे तसले पोलादी पत्र्याचे पूर्णांग चिलखत गोव्यातल्या शापोरा नदीकाठच्या हळर्ण गावी दमट हवेत बेतू पाहणाऱ्या गृहस्थाने प्रथम हे ध्यानी घ्यावे, की हे काम लोहाराच्या हातून होत असले तरी मूलतः शिंप्याचे आहे. इकडचे कड्यांचे चिलखत, म्हणजे लोखंडी कड्यांची जाळी, पोट सुटले तरी निभावून नेते. पत्र्याला मात्र शिवणीतली माया नसते, म्हणून मापे चवथीनंतर, नेवऱ्यांचा अंमल अंगावर स्थिरावल्यावरच घ्यावीत.

पत्रा ठोकताना कडक होतो, यास्तव तो मधूनमधून तापवून मऊ करावा आणि छातीच्या मध्यभागी जाड, कडांना पातळ राखावा. खांद्याच्या पट्ट्या लांबट भोकांत सरकणाऱ्या रिव्हेटांनी जोडल्यास हात वर करता येतो. नडगीचे कवच सर्वांत कठीण, कारण ते पोटरीवर व घोट्यावर चपखल बसावे लागते आणि किंचित सैल पडले तरी पावलाच्या वरच्या भागात रुतते. हाता-खांद्यांचे भाग आत घातलेल्या जाड बंडीला मेणाच्या दोऱ्यांनी बांधतात. मे महिन्यात ही बंडी किती पाणी धरते, याची कल्पना मिलानच्या कारागिरांना नसावी.

एकूण भार सुमारे 20 ते 25 किलो असला तरी तो सर्वांगावर वाटला जात असल्याने धारण करणारा आपला आपण घोड्यावर चढू शके. त्याला यारीने उचलीत ही समजूत खोटी आहे. घोड्याअभावी स्कूटरवर चढून परीक्षा घ्यावी, मात्र शिरस्त्राणावर आयएसआयचा शिक्का नसल्याने हमरस्ता टाळावा. पावसाळ्यात खोबरेल तेलाचा हात रोज फिरवावा.

पोर्तुगीज विजरई पेद्रू मिगेल द आल्मेदा याने 1746 मध्ये हळर्णचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला आणि पुढे त्याच गावाच्या नावाची सरदारकी मिरवली, तोवर बंदुकीने असले पूर्णांग चिलखत रणांगणातून हद्दपार केले होते. तसबिरींतून ते हलले नव्हते, याची साक्ष 1547 मध्ये सुरू झालेली व आज जुने गोवे येथील संग्रहालयात असलेली विजरईंची चित्रमालिका देते. तेव्हा ज्याला ते केवळ तसबिरीपुरते हवे असेल, त्याने चित्रकाराशी कमरेपर्यंतचाच करार करावा, म्हणजे नडगीच्या कवचाचा खर्च वाचतो आणि खाली लुंगी चालते.